मागाखालचं सोनं

"सोनं मागाखाली पुरलं म्हणजे गडी हुशार होता," ताता म्हणाले. "विणकर जागेवरनं उठल्याशिवाय तिथं चोराचा हात पोचत नाही. चूक एकच केली. दाराला किल्ली न लावता बाहेर गेला."

मी पुस्तक मिटून त्यांच्याकडे बघत बसले. जॉर्ज इलियटची 'सायलस मार्नर' मी कॉलेजात वीसेक वर्षं शिकवली. सोनं गेलं, सोनेरी केसांची पोर आली, धनाच्या जागी माया आली, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. मुलंही तेच उत्तरपत्रिकेत उतरवून दहापैकी सात मार्क घेऊन जायची. चोराचा हात कुठपर्यंत पोचतो, हे मात्र माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

सोलापूरच्या पूर्व भागात एका लहानशा वाचनालयाच्या माडीवर आम्ही रविवारी दुपारी जमतो. दहा-बारा जण असतो. निम्म्यांना इंग्रजी येत नाही, दोघा-तिघांना मराठी वाचताना अडखळायला होतं. म्हणून मी पुस्तक मराठीत सांगते आणि मध्येच कुणीतरी त्याचं तेलुगू करतं. तेलुगूत गोष्ट नेहमी माझ्यापेक्षा लांबते आणि जास्त हशा पिकवते. मी काय सांगितलं आणि तिकडे काय पोचलं, याची चौकशी मी सोडून दिली आहे.

हे पुस्तक निवडलं ते ताताच्या हट्टामुळे. ऐंशी ओलांडलेले ताता आयुष्यभर मागावर बसले. तरुणपणी खड्डामागावर, त्यांच्या शब्दांत गुंटमग्गमवर. मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार यंत्रमाग टाकले. "राजाची झाली, डाक्टरची झाली, पोलिसाची झाली. विणकराची गोष्ट कुठल्याच पुस्तकात नाही का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला सायलस आठवला.

गोष्ट अशी. सायलस उत्तर इंग्लंडातल्या एका शहरात लँटर्न यार्ड नावाच्या गल्लीतल्या छोट्या पंथाचा भाविक. जिवलग मित्रच त्याच्यावर चोरीचा आळ आणतो. पंथाची माणसं चिठ्ठ्या टाकून निवाडा करतात आणि चिठ्ठी सायलसच्या विरुद्ध निघते. ठरलेली बायको त्या मित्राशी लग्न करते. सायलस माग घेऊन रॅव्हलो नावाच्या दूरच्या खेड्यात जातो आणि पंधरा वर्षं कुणाशीही नातं न जोडता विणत राहतो. रोजचे सोळा तास. पहिलं मोठं काम एका बाईच्या टेबलावरच्या कापडांचं, त्याचे पाच गिनी मिळतात. ती नाणी हातात धरायला त्याला आवडू लागतं आणि पुढे सगळं आयुष्य त्या नाण्यांचंच होतं. मागाखालच्या विटा काढून तो ती पुरतो, रात्री दार लावून मोजतो. चोरी झाली तेव्हा दोनशे बहात्तर पौंड, बारा शिलिंग, सहा पेन्स होते. हा आकडा सांगितल्यावर समोरचे सगळे गप्प झाले. मोजून ठेवलेल्या पैशाची किंमत आमच्या माडीवर सगळ्यांना कळते.

चाळिशीही न गाठलेल्या सायलसला गावातली पोरं म्हातारा म्हणतात, असं मी सांगितलं तेव्हा ताता मान हलवत म्हणाले, "बरोबर हाय की. पाठ आधी जाते, मग डोळे. जवळचं दिसतं, लांबचं माणूस कोण ते कळत नाही." सायलसची नजर अधू आहे, हे मी अजून सांगितलंही नव्हतं.

त्याच्याकडे एक मातीचा घडा असतो. विहिरीवरून बारा वर्षं त्यातून पाणी आणलेलं. एक दिवस तो फुटतो. सायलस तुकडे जुळवून पूर्वीच्याच जागी टेकवून ठेवतो. वर्गात मी याला 'प्रतीक' म्हणायचे. इथे विडी कारखान्यात पानं कापण्यात हयात घालवलेल्या अक्का एकदम म्हणाल्या, "फुटकं भांडं घरात ठेवू नये, टीचर. पण एकट्या माणसाला सांगणार कोण?" त्या एका वाक्यापुढे माझं प्रतीक फारच फिकं पडलं.

खरी गंमत पोर आल्यावर झाली. नववर्षाची आदली रात्र, बर्फ पडतंय. अफूच्या आहारी गेलेली एक बाई कडेवर दोन वर्षांची मुलगी घेऊन चालताना रस्त्यात पडते आणि मरते. मूल उजेडाच्या ओढीने सायलसच्या उघड्या दारातून आत येऊन चुलीपाशी झोपतं. अधू नजरेच्या सायलसला वाटतं, आपलं सोनं परत आलं. तो हात लावतो तर मऊ, उबदार केस. तो तिला ठेवून घेतो. आईचं आणि लहानपणी वारलेल्या बहिणीचं नाव तिला देतो आणि हाक मारतो एपी.

"मग विणायचं कधी?" माडीवरच्या सगळ्या बायकांनी जवळजवळ एकदमच विचारलं.

याचं उत्तर इलियटने दिलेलं आहे. सायलस कापडाची रुंद पट्टी एपीच्या कमरेला बांधून ती मागाला अडकवतो, म्हणजे पलंगापर्यंत तिला फिरता येईल. एक दिवस पोर त्याची कात्री पळवते, पट्टी कापते आणि थेट तळ्याकाठी जाऊन बुटात पाणी भरत बसते. सायलसचा जीव उडतो. शेजारीण डॉली म्हणाली होती, थोडी शिक्षा हवी. म्हणून तो तिला कोळशाच्या कोनाड्यात कोंडतो. धुऊनपुसून कपडे बदलून होत नाहीत तोच ही बया हसत हसत पुन्हा कोनाड्यात जाऊन बसलेली. अक्का डोळ्यांना पदर लावून हसल्या. त्यांनी तिन्ही पोरांना साडीच्या धडप्याने बाजेच्या पायाला बांधलं होतं. सूप मांडीवर, तेंदूपत्ता पुढ्यात, हजाराचा हिशेब डोक्यात आणि पोर बाजेला. "माझ्या मधल्यानं कात्री नाही, दातानंच सोडवलं," त्या म्हणाल्या.

मी हसले, पण माझी मुलगीही अशीच बांधलेली असायची. त्याकडे येतेच.

मतं बरीच पडली. निवृत्त मराठीचे मास्तर म्हणाले, ही तर कर्णाची गोष्ट. सोडलेलं लेकरू, सूताघरची राधा, आणि गरज पडल्यावर आलेली कुंती. ताता म्हणाले, कर्ण कशाला, कबीर घ्या की. तळ्यावर सापडला, विणकरानं वाढवला, स्वतः विणकर झाला. यावर पंधरा मिनिटं वाद रंगला आणि पुस्तक बाजूला राहिलं. इंजिनिअरिंगचा एक मुलगा म्हणाला, योगायोग फार आहेत. चोर सायलसच्या झोपडीजवळच्या खाणीत पडून मरतो, सोळा वर्षांनी पाणी उपसल्यावर सांगाडा आणि सोनं दोन्ही सापडतं, असं कुठे होतं का! त्याचं बरोबर आहे. कादंबरीचा तो भाग मलाही नेहमी जरा बेतलेला वाटत आला आहे. त्याच मुलाने पुढे विचारलं, लिहिणाऱ्याचं स्वतःचं घर कसं होतं?

मी सांगितलं, लिहिणारी बाई होती. मेरी अॅन इव्हान्स. ही कादंबरी 1861ची. जॉर्ज लुईस नावाच्या लेखकाबरोबर ती लग्नाशिवाय राहिली, कारण कायद्याने त्याला पहिल्या लग्नातून सुटका मिळण्यासारखी नव्हती. सख्ख्या भावाने तिच्याशी बोलणं टाकलं, ते थेट 1880मध्ये तिने दुसऱ्या माणसाशी रीतसर लग्न केलं तेव्हा पुन्हा सुरू झालं. लुईसची तीन मुलं मात्र तिला जर्मन शब्दाने आई म्हणायची. मला वाटलं, आता कुणीतरी हळवं होणार. अक्का म्हणाल्या, "मग पुरुषाचं नाव कशाला लावलं?" आणि त्यावर पुढचा अर्धा तास गेला.

मात्र मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या मेलेल्या बाईबद्दलच्या मताने. मॉली तिचं नाव. गावच्या जमीनदाराचा मुलगा गॉडफ्रे याने तिच्याशी चोरून लग्न केलेलं असतं. बर्फातलं प्रेत तो ओळखतो आणि गप्प राहतो, म्हणजे त्याला हव्या असलेल्या नॅन्सीशी लग्न करता येईल. "तिच्याविषयी कुणीच का बोलेना?" अक्कांनी विचारलं. "अफूवाली म्हणून सोडून दिली का?" मी पुस्तक पुन्हा चाळलं. तिच्या बोटातली अंगठी सायलसने एका लहान डबीत जपून ठेवलेली असते आणि एपी मोठी झाल्यावर तो ती तिच्याकडे सोपवतो. ती ज्या काटेरी झुडपापाशी मेली, ते झुडूप एपीला आपल्या बागेत लावायचं असतं. इतकंच. पण आहे. वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला मी त्या झुडपाबद्दल प्रश्न घातला नाही.

शेवटचा रविवार गॉडफ्रेचा होता. सोळा वर्षांनी, मूल होत नाही म्हणून, तो बायकोला घेऊन सायलसच्या झोपडीत येतो. ही माझी मुलगी, तिला बाई करून वाढवतो, तुमचीही सोय लावतो. सायलस एपीवर सोडतो. एपी नाही म्हणते. मी म्हटलं, आपण हात वर करून मत घेऊ; तिने जायला हवं होतं का?

नऊ जण म्हणाले, नाही. साडीच्या दुकानात काम करणारी एक मुलगी एकटीच म्हणाली, "मी गेले असते, मॅडम. शिकले असते. आणि बाबांनाही सोबत नेलं असतं. गरिबीत राहण्यात काय मोठेपणा?" कुणी तिला अडवलं नाही. मला तिचं म्हणणं आवडलं. इलियटने एपीला हा प्रश्न एवढा स्वच्छ विचारूच दिलेला नाही.

ताताने हात वर केला नाही. मीही नाही.

1991 साली मी सोलापुरात आले, तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. नवरा जाऊन आठ महिने झाले होते, मुलगी चार वर्षांची. कॉलेजात तात्पुरती नोकरी आणि ताताच्या घरात भाड्याच्या दोन खोल्या. सकाळी कॉलेजला जाताना मुलगी अम्माकडे, म्हणजे ताताच्या बायकोकडे. शेडमध्ये चार माग धडधडताना लहान मूल मोकळं सोडता येत नाही, म्हणून अम्मा तिला टॉवेलच्या किनारीने खांबाला बांधायची आणि शेजारी बसून कांड्या भरायची. सहा महिन्यांत माझी मुलगी तेलुगूत भांडायला लागली. याचा अर्थ ताता फार मायाळू होते असा कुणी काढू नये. दर महिन्याच्या पाच तारखेला ते भाडं घ्यायचे, पावती द्यायचे आणि दोनदा त्यांनी भाडं वाढवलंही.

1995च्या उन्हाळ्यात सासरची चार माणसं आली. मुलगी आमची आहे, आमच्या नावाची आहे, इथे मागाच्या आवाजात आणि परक्या भाषेत ती वाढायला नको, आम्ही नेतो. बोलणं सौम्य होतं. मला उत्तर सुचत नव्हतं, कारण त्यांच्याकडे मोठं घर होतं, चांगली शाळा होती आणि माझ्याकडे अजूनही तात्पुरतीच नोकरी होती. घरात पाहुणे आले की ताता माग बंद करायचे, ती त्यांची रीतच होती. त्या दिवशी त्यांनी बंद केले नाहीत. चारही माग सुरू होते. भिंतीपलीकडून असा आवाज येत होता की, एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. माझ्या दिरांनी दोनदा ओरडून सांगितलं, मग थकले. दोन तासांनी चहा घेऊन ते निघाले. जाताना म्हणाले, पुन्हा येऊ, निवांत बोलू. पुन्हा कुणी आलं नाही.

मुलगी आता पुण्यात असते. रविवारी सकाळी तिचा फोन आधी ताताला जातो, मग मला. अम्मा नऊ वर्षांपूर्वी गेली.

त्या शेवटच्या रविवारी बाकीचे जिना उतरून गेले, तेव्हा मी ताताचा हात धरून एकेक पायरी उतरवत होते. इतक्या वर्षांत हे कधी बोललो नव्हतो. मी विचारलं, "ताता, त्या दिवशी तुम्ही माग का बंद केले नाहीत?"

त्यांनी खालची पायरी काठीने चाचपली.

"ऑर्डर होती," ते म्हणाले. "टॉवेलांची."