कूलंटच्या बाटलीतला तवंग

ओढ्याचं पाणी ब्रीदरमधून, म्हणजे हवा जाण्यायेण्याच्या भोकातून, गिअरबॉक्समध्ये शिरू शकतं, हे मला मान्य आहे. पण तेच पाणी गिअरबॉक्समधलं तेल कूलंटच्या बाटलीत नेऊन सोडू शकत नाही. एवढंच मी वर्कशॉपमध्ये भेटेल त्याला सांगत होतो. कुणी ते खोडून काढलं नाही, कुणी मान्यही केलं नाही. दुसरा पावसाळा आला, तरी राग गेलेला नाही.

मी राहतो भोसरीत. नोकरी चाकणला, रेडिएटर बनवणाऱ्या कारखान्यात, लीक टेस्टिंगला. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि फिन नायट्रोजनच्या भट्टीत ६०० अंशांच्या आसपास जोडल्या जातात. कुठला जोड कच्चा राहिला ते शोधणं हे माझं काम. माझी गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह, ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव इथे नको. २०२० साली नवी थार ऑटोमॅटिकमध्येही आली, २०२२ला स्कॉर्पिओ-एन आली आणि बिनक्लचच्या गाड्या मावळातल्या चिखलात सर्रास दिसू लागल्या. पण त्या चिखलात गिअरबॉक्सचं तेल किती तापतं, याबद्दल शोरूममध्ये अवाक्षरही निघत नाही.

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो जोर पोचवतो तेलातून. लोणावळ्याहून राजमाचीला जाताना चाकं हळू फिरतात, इंजिन जोरात फिरतं, आणि या दोहोंतला फरक तेलात उष्णता होऊन उतरतो. हायवेला इंजिन आणि गिअर थेट जोडणारा लॉक-अप क्लच बसतो आणि तेल निवतं. अशा हळू चढावर तो सहसा बसत नाही. तेल साधारण ८० ते ९५ अंशांत असावं. १२०च्या पुढे गेलं की ते भराभर म्हातारं होतं. म्हणून त्याला कूलर लागतो, आणि पुष्कळ गाड्यांत हा कूलर रेडिएटरच्याच टाकीत, कूलंटमध्ये बुडालेला असतो. म्हणजे तेल आणि कूलंट यांच्यामध्ये फक्त धातूचा एक पातळ पत्रा.

एके दिवशी तळेगाव-चाकण रस्त्यावर माझी गाडी थरथरायला लागली. गिअर बदलताना झटका, मग गाडी उचलेचना. बॉनेट उघडलं तर कूलंटच्या बाटलीत लालसर तवंग. इंजिन तिथेच बंद केलं आणि गाडी टो करून वर्कशॉपला नेली.

गिअरबॉक्सचं चेंबर खोललं तेव्हा मी शेजारी उभा होतो. तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी. ॲडव्हायझरचा पहिला प्रश्न, ‘सर, गाडी पाण्यात घातली होती का?’ मी म्हटलं, ‘हो, ओढा ओलांडला होता, गुडघ्याखाली पाणी. तुमच्या जाहिरातीत याहून खोल पाण्यात घालतात.’ त्याने जॉबकार्डवर लिहिलं, ‘बाहेरचं पाणी शिरलं.’ म्हणजे वॉरंटी संपली.

मी त्याला बाटलीजवळ नेलं. म्हटलं, ‘हे बघा. इंजिन चालू असताना तेलाचा दाब कूलंटपेक्षा जास्त, म्हणून तेल कूलंटमध्ये आलं. इंजिन बंद केलं की तेलाचा पंप थांबतो, दाब शून्य. पण गरम कूलंट अजून दाबाखाली असतं, ते उलटं तेलात शिरतं. दोन्हीकडे भेसळ आहे, म्हणजे कूलर फुटलाय. त्याचं एक तोंड बुजवा, दुसरीकडून हवा द्या, पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर माझं खरं.’ तो मुलगा हुशार होता, त्याला समजलं. पण म्हणाला, ‘सर, आमच्या प्रोसिजरमध्ये ही टेस्ट नाही.’ त्याच्या वरच्याने तेच सांगितलं, त्याच्याही वरच्याने ईमेलवर तेच. बाटलीतल्या तवंगाचा उल्लेख एकाही उत्तरात नाही. मी फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘वाहन पाण्यात वापरल्याचे ग्राहकाने मान्य केले आहे.’

जी टेस्ट मी आठ तासांच्या शिफ्टमध्ये दिवसभर करतो, ती त्या गाडीवर एकदा करायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी गाडी भोसरीतल्या एका गॅरेजला आणली. मालकाने रेडिएटर उतरवला, मी हवा दिली. नळीच्या मुळाशी बुडबुड्यांची सरळ रांग लागली. व्हिडिओ काढून पाठवला. यावर काय लिहून यावं? ‘रेडिएटर अनधिकृत ठिकाणी काढल्यामुळे दावा विचारात घेता येत नाही.’ आधी स्वतः तपासायचं नाही, आणि दुसऱ्याने तपासलं तर तपासलं म्हणून नाकारायचं. कूलंटमधल्या ग्लायकॉलने क्लच प्लेटांच्या अस्तराचा गोंद सुटला होता. गिअरबॉक्स माझ्या पैशाने उघडला.

नवा रेडिएटर बसवला, पण तेल त्यातून फिरवलं नाही. एसीच्या कंडेन्सरपुढे हवेचा वेगळा कूलर लावला, थर्मोस्टॅटसकट. तेव्हा पक्कं मत झालं होतं की कूलर रेडिएटरच्या टाकीत ठेवणं हाच मूळ गुन्हा. आज तसं म्हणवत नाही. पाण्यातला कूलर थंड तेल लवकर कोमट करतो, गाडी जागेवर उभी असतानाही काम करतो, आणि त्याला दगड लागत नाही. माझ्या नव्या कूलरच्या फिन एका खडीने वाकल्याच आहेत. कूलर टाकीत ठेवण्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. माझी तक्रार रचनेबद्दल नाही, तपासायला नकार देणाऱ्यांबद्दल आहे.

चिखलात जाणाऱ्यांनी फोर-लो, म्हणजे फोर-व्हीलचा कमी वेगाचा गिअर, वापरायला कंजूषी करू नये. त्यात कन्व्हर्टर कमी घसरतो आणि तेल कमी तापतं. तापलंच तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून थांबावं, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहतं. परतल्यावर रेडिएटरवरचा चिखल हलक्या धारेने, मागून पुढे धुवावा. आणि बाटलीत तवंग दिसला, तर गाडी चालवत नेऊ नका. टो करण्याआधी फोटो काढा, कूलरची प्रेशर टेस्ट मागितल्याचं जॉबकार्डवर लिहून घ्या, आणि ते लिहिल्याशिवाय सही करू नका.