जरा आमचंही ऐका!

अमेरिकेतून भारतात येणाऱ्या माणसाच्या बॅगेत काय असतं? आईसाठी बदाम, भाच्यासाठी चॉकलेटं आणि या सगळ्यावर कस्टम्सची धास्ती. ग्रीन चॅनेलमधून जाताना निर्दोष माणूससुद्धा उगाच चोरासारखा चालतो!

ही धास्ती इकडेही आहेच. अमेरिकेतून दहा हजार डॉलरच्या वर रोकड बाहेर नेता येते, फक्त तसं लिहून द्यावं लागतं. १९९४ साली लॉस एंजलिस विमानतळावर होसेप बजाकाजियन नावाच्या गृहस्थाने ते लिहून दिलं नाही. कस्टम्सच्या कुत्र्यांना नोटांचा वास लागला आणि एकूण ३,५७,१४४ डॉलर जप्त झाले. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा कळलं, की पैसा सरळ मार्गाचा होता आणि देणं फेडायला चालला होता. सीरियात अल्पसंख्य आर्मेनियन म्हणून वाढलेल्या या माणसाचा सरकार नावाच्या गोष्टीवर विश्वासच नव्हता. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला : गुन्हा खरा, पण त्यासाठी सगळी रक्कम घेणं घटनेत बसत नाही. ऐकून घेतलंच नसतं, तर कागदावर 'पैसे लपवले' एवढंच राहिलं असतं.

मंडळी, आपला कायदा यात मुळीच मागे नाही. १९६२ च्या कस्टम्स कायद्याचं कलम १२४ सांगतं, की माल सरकारजमा करण्याआधी किंवा दंड ठोकण्याआधी कारणं सांगणारी नोटीस द्या, लेखी म्हणणं मांडू द्या आणि सुनावणी घ्या. जप्तीनंतर सहा महिन्यांत नोटीस निघाली नाही आणि मुदतही वाढवली नाही, तर वस्तू परत करावी लागते.

मग घोडं पेंड कुठे खातं? छापील फॉर्मात! माझ्या एका मित्राच्या आईच्या बांगड्या एका विमानतळावर अशाच अडकल्या. "इथे सही करा, लवकर सुटाल." कागदावर छापलेलं : मला नोटीस नको, सुनावणीही नको. रात्री तीन वाजता, बाहेर मंडळी ताटकळत असताना, तो कागद कोण वाचतंय? काकूंनी सही केली.

२०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने स्पष्ट केलं, की अशा छापील मजकुरावरच्या सहीने नोटीस आणि सुनावणीचा हक्क सोडला असं होत नाही.

तेव्हा आपलं कुणी परदेशातून येणार असेल तर एवढं नक्की सांगा : ठेवून घेतलेल्या वस्तूची पावती मागा, कागद वाचा आणि 'मला सुनावणी हवी' असं स्वतःच्या हाताने लिहा. दंड बसायचा असेल तर बसेल, पण ऐकून घेतल्यावर!