नाल

आमच्या स्वयंपाकघरात चहापत्तीचा एक स्टीलचा डबा आहे. त्याच्या झाकणाला मधोमध चीर आहे, घडी घातलेली दहाची नोट जाईल एवढी. चहाचा वास उडू नये म्हणून बायकोनं तिच्यावर चिकटपट्टी लावली आहे. ती चीर मी हौसेनं पाडून घेतली होती. तिच्यापायी माझा शाळेपासूनचा मित्र जवळजवळ दोन वर्षं माझ्या घराची पायरी चढला नाही.

शनिवारची आमची बैठक २००६ च्या उन्हाळ्यात सुरू झाली. ते लोडशेडिंगचे दिवस. गोंदियाच्या रेलटोलीत आमचं घर, पुढं ओटा. लाइट गेली की आत बसवत नसे, मग गल्लीतले चारजण ओट्यावर जमायचे. एकदा वकील पत्त्यांचे दोन कॅट घेऊन आले आणि बॅटरीच्या दिव्याखाली तेरा पानांची रमी सुरू झाली. पुढं लाइट टिकायला लागली, बैठक ओट्यावरून पुढच्या खोलीत आली, पण मोडली नाही.

माणसं ठरलेली सहा. मी बँकेतला कॅशियर. वकील. गणिताचे मास्तर. राइस मिलवाले शेठ, जे हिंदीत बोलतात आणि हरले की मराठीत. मेडिकलवाला, माझा वर्गमित्र. आणि गार्डसाहेब. रेल्वेनं आता त्यांचं नाव ट्रेन मॅनेजर केलंय, आम्ही गार्डसाहेबच म्हणतो. पोरं रोज भेटतात, पण नोकरी-धंद्यातली सहा माणसं ठरल्या वेळी एका खोलीत आणणं किती कठीण, ते ज्याच्या घरी बैठक असते त्यालाच कळतं. धान निघालं की शेठ गायब. मिल रात्रंदिवस चालते, दोन-तीन महिने त्यांचं तोंड दिसत नाही. गार्डसाहेबांचं तर त्याहून अवघड. त्या काळी ड्युटीचा निरोप घेऊन कॉल बॉय दारात यायचा. एकदा चौकट नव्वी आली की डाव संपणार, अशा वेळी तो आला. गार्डसाहेबांनी हातातली पानं मास्तरांच्या हवाली केली आणि ते मालगाडी घेऊन गेले. पुढच्या शनिवारी चप्पल काढता काढताच विचारलं, "आली होती का नव्वी?" आली होती.

घरधन्याची कामं कोणी मोजत नाही. सतरंजी झटकायची, पंख्याचा वारा पानांवर येणार नाही असा कोपरा धरायचा. आमच्याकडे पावसाळा दांडगा, कागदी पानं ओल धरून फुगतात, एकमेकांना चिकटतात. पिसताना दोन पानं एकत्र गेली की भांडण. मग दुपारीच दोन्ही कॅटची पानं पंख्याखाली पसरून त्यांना टाल्कम पावडर लावायची. आणि शिंगाड्याची गोष्ट तर मी विसरूच शकत नाही. दिवाळीच्या आगेमागे तलावातले शिंगाडे बाजारात येतात. उकडलेले, कोळशासारखे काळे. एका शनिवारी मी परातभर शिंगाडे मधोमध ठेवले. सगळे सोलतायत, खातायत, खेळतायत. महिनाभरानं लक्षात आलं की शेठ माझ्या हातातली बदाम राणी बरोबर ओळखतात. तिच्या पाठीवर काळ्या अंगठ्याचा अर्धा ठसा होता. अंगठा कोणाचा ते कळलं नाही, पण त्या दिवसापासून शिंगाडे आतून सोलूनच बाहेर येऊ लागले आणि मी प्लास्टिकचे कॅट आणले.

पैसा असून नसल्यासारखा होता. दहा पैसे पॉइंट. फुल ऐंशी पॉइंट अंगावर बसले तरी आठ रुपये. हिशेबाला चिंचोके.

२०१७ च्या दिवाळीत मुलगा पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आला, तो बॅगेत ॲल्युमिनियमची एक पेटी घेऊन. आत तीनशे रंगीत चिप्स. "बाबा, रमी पुरे. पोकर शिका." नियम सोपे वाटले. दोन पानं हातात, पाच पानं टेबलावर उघडी, सातांतली उत्तम पाच आपली. पण आमची हाडं तीन पत्तीवर पोसलेली. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांनी सक्तीनं टाकायची रक्कम. पुढं पानं बघायला कोणाची मनाई नाही. शेठ पहिली पूर्ण रात्र हातातली दोन्ही पानं उपडी ठेवून खेळले आणि जिंकले. नियम कळल्यावर हरायला लागले.

दुसरी भानगड झाली कलरवरून. तीन पत्तीत रोन कलरला मारते, पोकरमध्ये कलर रोनला मारतो. गार्डसाहेब किलवरच्या पाच पानांवर पैसे ओढायला लागले तेव्हा शेठ उठून उभे राहिले. अखेर मास्तरांनी वहीचं पान फाडलं. बावन्न पानांतून तीन उचलली तर नुसती रोन ७२० तऱ्हांनी येते, नुसता कलर १,०९६ तऱ्हांनी. म्हणून तिथं रोन दुर्मीळ आणि मोठी. पाच पानं उचलली की उलटं होतं. रोन १०,२०० तऱ्हांनी, कलर ५,१०८ तऱ्हांनी. "जे कमी वेळा येते ते मोठं. पत्त्यात दुसरा कायदा नाही," मास्तर म्हणाले. तो कागद अजून पेटीच्या झाकणात आहे. मला स्वतःला धडा मिळाला तो दोन एक्क्यांचा. मास्तरांच्या हिशेबानं २२१ डावांत एकदा ते हाती येतात. मला आले की माझा चहाचा कप बशीत वाजायचा, आणि सगळे निमूट पानं टाकायचे.

पोकरनं बैठकीचा रंग बदलला. रमीत माणूस आपल्या पानांकडे बघतो, इथं समोरच्याच्या तोंडाकडे. चिंचोके गेले, प्रत्येकी पाचशेच्या चिप्स आल्या. बसणं साडेदहाचं बारावर गेलं. चहा दोनदाचा चारदा झाला. एका रविवारी सकाळी बायको भांडी घासता घासता म्हणाली, "सिलिंडर वीस दिवसांत संपला. तुमच्या मित्रांना माझं काही नाही, पण गॅस मलाच लावावा लागतो." बोलणं रास्त होतं. पुढच्या शनिवारी मी चीर पाडलेला डबा टेबलाशेजारी ठेवला. प्रत्येक पॉटमधून दहा रुपये, चहा-फराळाचे. सगळ्यांनी मान डोलावली. गार्डसाहेब तर म्हणाले, "हे आधीच पाहिजे होतं."

चहा-आलूबोंड्याला रात्रीचे अडीचशे लागायचे. डब्यात साठायचे पाच-सहाशे. उरलेल्यातून मी सुताराकडून गोल टेबल करून घेतलं, वर हिरवं कापड. मग नवा पंखा. सगळं बैठकीसाठीच, असं मी म्हणायचो, आणि ते खोटं नव्हतं. पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. साडेअकराला कोणी घड्याळाकडे पाहिलं की "अजून एक डाव" हे माझ्याच तोंडून निघायचं. पूर्वी निघत नसे. डाव वाढला की डबा वाढायचा, आणि मी जिंकलो काय, हरलो काय, डबा कधी हरत नव्हता.

२०१९ चा दिवाळीचा पाडवा. वार सोमवार होता, पण त्या तिथीला द्यूतप्रतिपदा म्हणतात, तेव्हा खास बैठक. मेडिकलवाल्याला त्या रात्री पानं लागलीच नाहीत. पाचशे गेले, पुन्हा पाचशे, मग हजार, मग पाचशे. चिडलेला माणूस पोकरमध्ये प्रत्येक डाव खेळतो, आणि तो चिडला होता. खिसा रिकामा झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी डबा उघडला आणि त्याला दोन हजार दिले. रात्री दोनला तो उठला तेव्हा साडेचार हजार गेले होते. जाताना काही बोलला नाही, चप्पलसुद्धा उलटी घातली.

आठवड्यानं भाजीबाजारात त्याची बायको माझ्या बायकोला भेटली. भांडली नाही. मेथीची जुडी हातात घेऊन एवढंच म्हणाली, "काहून वहिनी, शनिवारचं दुकान बरं चालून राहिलं ना?" बायको घरी आली ती पिशवी न ठेवताच मला हे सांगितलं. त्या शनिवारी मेडिकलवाला आला नाही.

वकील आले होते. सगळे गेल्यावर थांबले. डब्यावर बोट टेकवून म्हणाले, "भाऊ, याला काय म्हणतात माहीत आहे? नाल."

शब्द माहीत होता. पेपरात आठवड्याला एकदा असतो. अमुक गावात जुगार अड्ड्यावर धाड, इतके जण ताब्यात, रोख रक्कम, मोबाइल, मोटारसायकली आणि ५२ तासपत्ते असा मुद्देमाल जप्त. अड्डा चालवणारा नाल घेतो. तो शब्द माझ्या पुढच्या खोलीत येईल असं वाटलं नव्हतं.

वकिलांनी मग शांतपणे समजावलं. कायदा १८८७ चा. जुगाराचं घर कोणतं, तर ज्या घराचा मालक खेळातून स्वतःचा फायदा काढतो ते. रमीबाबत सिकंदराबादच्या एका क्लबचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, १९६८ च्या एआयआरमध्ये तो निकाल छापलेला आहे. न्यायालय म्हणालं, रमी मुख्यत्वे कौशल्याचा खेळ, तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा नव्हे. पत्त्यांसाठी क्लबनं माफक आकार घेतला तर तो नफा नाही. पण घराचा किंवा क्लबचा मालक खेळातून कमाई करत असेल, तर गुन्हा लागू शकतो. "आणि पोकरला तर आपल्या कायद्यात नावानिशी सूटही नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात आहे, तिथं ब्रिज, रमी, पोकर ही नावं घेऊन वगळलीत. तू गोंदियात बसलाय."

"पण हे तर चहाचे पैसे," मी म्हणालो.

"चहाचे अडीचशे. बाकीचे?"

मास्तरांना मी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यांनी तोंडीच सांगितलं. सहाजणांचे मिळून तीन हजार टेबलावर येतात, रात्रीत साठेक डाव होतात, म्हणजे सहाशे डब्यात. पाचवा हिस्सा. गोव्याच्या कॅसिनोत याला रेक म्हणतात, तेही प्रत्येक पॉटमधून काढतात. पुढं मोबाइलवरच्या रमीत हेच गुपचूप कापलं जायचं, कापलेलं दिसायचंसुद्धा नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा शेठ म्हणाले, "चलो, एक डिब्बा तो बंद हुआ." माझ्याकडे बघून म्हणाले.

मेडिकलवाल्यानं उधारीचे दोन हजार दुकानातल्या पोराच्या हाती पाकिटातून पाठवले. मी साडेचार हजार घेऊन त्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं, थांबलो. मग पैसे काउंटरवर ठेवले. त्यानं ते माझ्याकडे सरकवले.

"हरलो ते हरलो. ते तू काहून देऊन राहिला? माझा नाल किती झाला, तेवढा दे."

रात्री मी वही घेऊन बसलो. बँकेत मी सत्तावीस वर्षं कॅशवर काढली. संध्याकाळी एक रुपया कमी निघाला तरी घरी गेलो नाही. पण त्या डब्याचा हिशेब कुठंच नव्हता. कोणत्या शनिवारी किती जमले, कोणाच्या पॉटमधून किती गेले, टेबलाला किती लागले, एक आकडा लिहिलेला नव्हता. ज्या पैशाचा हिशेब ठेवायचा नसतो तो कसला असतो, हे मला लोकांच्या खात्यांवरून चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला सांगितलं, काढता येत नाही. "मंग राहू दे," तो म्हणाला आणि औषधाची चिठ्ठी वाचू लागला.

पुढं मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि बैठक आपोआप थांबली. २०२१ मध्ये पोळ्यानंतर पुन्हा बसलो तेव्हा नियम मी कागदावर लिहून मास्तरांच्या कागदाशेजारी चिकटवले. चिप्स दोनशेच्या, एकदाच. संपल्या की उठून दुसऱ्याची पानं बघायची. उधारी नाही. साडेदहाला शेवटचा डाव, आणि "अजून एक" म्हणायची मला मनाई. फराळ पाळीपाळीनं प्रत्येकाच्या घरून. वकिलांना विचारलं, आता कायद्यात बसतं का? ते म्हणाले, "आता तू बसत नाही त्यात. खेळाचं कोर्ट बघेल."

पाळीचा निरोप मी मेडिकलवाल्यालाही पाठवला होता, आशा नसताना. तिसऱ्या शनिवारी तो आला. हातात डबा होता, लाखोरीचे वडे, अजून गरम. बायकोनं दिलेत म्हणाला. दोनशेच्या चिप्स घेतल्या, पावणेदहाला संपल्या, तर उठून मास्तरांच्या मागं जाऊन बसला आणि त्यांना चुकीचे सल्ले देत राहिला.

चहा मीच देतो अजून. त्याच्या हातात कप दिला की तो बशी किंचित तिरकी करून आत बघतो आणि विचारतो, "यात नाल किती?" सगळे हसतात. मीही हसतो, आणि दर वेळी मनात आकडा काढायला बघतो.