नाटकं नुसती!

एफ.सी. रोडवरून घेतलेला 150 रुपयांचा एव्हिएटर लावून मी दोन उन्हाळे बाइकवरून जाम शायनिंग मारली. बाबा म्हणायचे, 'नाटकं नुसती!' ते स्वतः 30 वर्षं स्कूटरवर उघड्या डोळ्यांनी फिरले.

गेल्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. 'वय आहेच, पण उन्हातले यूव्ही किरणही हातभार लावतात,' डॉक्टर म्हणाले. मी ऐटीत माझा गॉगल पुढे केला. त्यांनी तो मशीनवर तपासला. 'यापेक्षा न घातलेला बरा!' कारण साधं आहे. काळ्या काचेमागे अंधार समजून बाहुली मोठी होते आणि काचेत यूव्ही फिल्टर नसेल, तर किरण आणखीच आत शिरतात.

तेव्हा दोस्तांनो, आधी 'यूव्ही 400' बघा, मग फ्रेम. गोल चेहऱ्याला चौकोनी, चौकोनी चेहऱ्याला गोलसर. पोलराइज्ड काच रस्त्यावरची चमक कमी करते. पण तिच्यातून मोबाइलचा स्क्रीन कधीकधी काळा दिसतो, हे लक्षात ठेवा.

मी दोन घेतले. एक बाबांना. परवा ते आरशासमोर चांगली पाच मिनिटं उभे होते. मान इकडे, मान तिकडे.

मी म्हटलं, 'नाटकं नुसती!'