वाऱ्यानं घडवलेलं पांढरं रान

इजिप्तला जाणारी बहुतेक मंडळी पिरॅमिड बघतात, नाईलमधून बोटीनं फिरतात आणि परततात. पश्चिमेकडचं श्वेत वाळवंट आमच्या बेतात घालायचा हट्ट माझा होता. त्या सगळ्या प्रवासातलं आज सर्वांत लख्ख आठवतं ते तेच.

कैरोपासून बहरियाचं मरूद्यान साधारण ३७० किलोमीटर. तिथल्या बावीती गावात एका बदू चालकाच्या जीपवर आमचं सामान चढलं. गालिचे, पाण्याचे कॅन आणि सरपणाची मोळी त्याची. फराफ्राच्या रस्त्यानं निघाल्यावर आधी कृष्ण वाळवंट लागतं. पिवळ्या वाळूतून वर आलेल्या टेकड्या, माथ्यावर ज्वालामुखीचा काळा दगड आणि त्याचाच चुरा उतारभर पसरलेला. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला काळा कातळ नवा नाही, पण त्यावर गवताची काडीसुद्धा नसते हे पचायला वेळ लागतो.

दुपार कलताना चालकानं टायरमधली हवा कमी केली आणि गाडी डांबरावरून वाळूत घातली. थोड्याच वेळात चहूबाजूंना पांढरे दगड उभे राहिले. कुणी घुमटासारखे गोल, कुणी सुळक्यासारखे उंच, काही थेट अळंबीच्या आकाराचे: खाली बारीक मान आणि वर रुंद टोपी. सगळ्यांत प्रसिद्ध जोडी म्हणजे एक अळंबी आणि तिच्याशेजारी बसलेली कोंबडी. फोटोत ही नावं ओढूनताणून दिलेली वाटली होती. समोर उभं राहिल्यावर मात्र कोंबडीशिवाय दुसरं काही दिसेना.

मी एका दगडावरून अलगद हात फिरवला, तर बोटांना पांढरी पूड लागली. हा खडूचा दगड. सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्यातल्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची चुनखडी कवचं तळाशी साचत गेली आणि दाबानं त्यांचा दगड झाला. समुद्र हटला, जमीन कोरडी पडली आणि मग वाऱ्यानं काम सुरू केलं. वाऱ्याबरोबर उडणारी वाळू फार उंच जात नाही, बहुतेक कण जमिनीलगतच उड्या मारत जातात. त्यामुळे दगड खालून जास्त झिजतो, वरचा भाग टिकतो आणि अळंबीची मान तयार होते. निघोजला कुकडीच्या पात्रात असंच घासकाम पाण्यानं आणि गोट्यांनी केलंय. तिथे कठीण बसाल्टात रांजणखळगे झाले, इथे मऊ खडूच्या अळंब्या.

पायाशी काळे, खडबडीत गोळे विखुरले होते. एक उचलला, तर आकाराच्या मानानं चांगलाच जड. हे लोहखनिजाचे गोळे मुळात खडूतच तयार झालेले. भोवतालचा खडू झिजून गेला, हे कठीण म्हणून मागे उरले. काहींना काटेरी पाकळ्या फुटल्यासारख्या दिसत होत्या. बघून होता तिथेच ठेवला.

आमच्या चालकानं उतरल्याबरोबर बजावलं होतं, कशावरही चढायचं नाही. पलीकडच्या जीपमधली दोन तरुण मुलं फोटोसाठी एका सुळक्यावर चढत होती. हा तरातरा गेला, हाताला धरून त्यांना उतरवलं आणि दगडाच्या पायथ्याशी पडलेल्या ताज्या कपच्या दाखवल्या. मला त्याचं फार बरं वाटलं. २००२ पासून हा भाग संरक्षित आहे खरा, पण एवढ्या अफाट पसाऱ्यात दगड जपणार कोण? रोज तिथे येणारी अशी माणसंच. वाऱ्याला हजारो वर्षं लागलेली मान बुटाच्या एका टाचेनं मोडू शकते. ती पुन्हा घडायची नाही.

रात्री दोन जीपच्या आडोशाला गालिचे बांधून निवारा केला. निखाऱ्यावर कोंबडी, भात आणि नंतर भरपूर साखरेचा काळा चहा. भांडी आवरताना अंगापेक्षा कानच मोठे असा एक लहानसा कोल्हा अगदी जवळ आला, भाताच्या पातेल्याभोवती हुंगत फिरला आणि आमच्याकडे लक्षही न देता निघून गेला.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा जाड पांघरूण हवंच. या भागात जाण्यासाठी परवाना लागतो, त्याची चौकशी कैरो सोडण्याआधी करावी. आणि मुक्काम नक्की करावा. दुपारच्या उन्हात हे दगड नुसते डोळे दिपवतात. त्यांची कोरीव वळणं दिसतात ती सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडात.