उशिराचा विद्यार्थी

एक महाविद्यालय सोडून वाढत्या वयात दुसऱ्या विद्यापीठाचे विद्यार्थी होणे ही वरवर पाहता कार्यालयीन बाब असते: एक दाखला, एक अर्ज, थोडे शुल्क. परंतु विशीतला विद्यार्थी जे शिकावयास येतो, त्यापैकी बरेचसे पस्तिशीतला जगून आलेला असतो; आणि तरीही दोघांपुढे प्रश्नपत्रिका एकच येते. त्यातील संकोचाची नोंद गुणपत्रिकेत होत नाही.

गजानन माधव मुक्तिबोधांना हा अनुभव आला. घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी. गजाननांनी मात्र लेखनासाठी हिंदी स्वीकारली. १९३८ मध्ये ते इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून बी.ए. झाले. १९४३ मध्ये अज्ञेयांनी संपादिलेल्या ‘तार सप्तक’मध्ये त्यांच्या कविता आल्या. स्वातंत्र्याच्या आगेमागे ते जबलपूरला हितकारिणी शाळेत शिकवीत होते. त्या शहराला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५६ मध्ये. तत्पूर्वीच, १९४८ मध्ये, मुक्तिबोध नोकरीनिमित्त नागपूरला गेले, आणि पस्तिशीच्या सुमारास नागपूर विद्यापीठाची हिंदीतील एम.ए. पदवी त्यांनी मिळविली.

ज्या काव्याच्या घडणीत आपला हात आहे, त्याच साहित्याची परीक्षा द्यावयाची, आणि तीही जन्मभाषा नसलेल्या भाषेत! संसाराचा भार होता. पदवीवाचून महाविद्यालयाचे दार उघडणारे नव्हते. ते उघडले १९५८ मध्ये, राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात. पुढे अवघी सहा वर्षे त्यांच्या वाट्यास आली.

मग ह्या उशिराच्या विद्यार्थिदशेचे फलित काय? केवळ उपजीविका म्हणावी, तर १९६१ चा ‘कामायनी : एक पुनर्विचार’ हा ग्रंथ आड येतो. प्रसादांच्या ज्या महाकाव्यापुढे अभ्यासक नतमस्तक होत, त्याच्याशी मुक्तिबोधांनी तेथे वाद मांडला आहे. हरिशंकर परसाई जबलपूरहून ‘वसुधा’ काढीत. तीत मुक्तिबोधांची ‘एक साहित्यिक की डायरी’ प्रसिद्ध होत असे. ह्या डायरीतील ‘तीसरा क्षण’ वाचताना जाणवते, की प्राध्यापकाच्या अधिकारवाणीने बोलणे लेखकाला रुचत नाही. तो केशव नामक मित्राशी हुज्जत घालतो, अडतो, आपलेच विधान पुन्हा तपासतो.

ज्या गावी त्यांनी एके काळी मुलांना धडे दिले, तेथूनच त्यांचे हे विद्यार्थीपण छापून येत राहिले. पदवी हाती आली होती. शंका विचारण्याची सवय मात्र सुटली नव्हती.