पोटखराबा

"ताई, ही मिरचीपूड आणि ही कॉफी बाहेर बाल्कनीत कशाला ठेवलीय?" परवा आमच्या कामाच्या मावशींनी विचारलं आणि मी खूप हसले. जॅमच्या दोन रिकाम्या बाटल्या आहेत त्या. आत माती आहे. दोन्ही माती आमच्या गावच्या, एकाच उतारावरच्या, एकमेकींपासून फार तर चाळीस पावलांवरच्या. नंतर एकटीच त्या बाटल्यांकडे बघत बसले तेव्हा मात्र हसू आलं नाही. म्हटलं, लिहूनच टाकावं.

आमचं गाव शाहूवाडी तालुक्यात, आंब्याच्या बाजूला. खाली भाताची खाचरं, वर घरं आणि घरांच्या वर रान. जांभूळ, अंजनी, हिरडा, मधेमधे कारवी. त्यातला एक तुकडा आमचा, सामाईक. सातबाऱ्यावर त्याची नोंद काय, तर 'पोटखराबा'. म्हणजे लागवडीला निरुपयोगी. लहानपणी मला तो शब्द फार आवडायचा. पोट खराब झालेली जमीन! वडील म्हणायचे, सरकारला जे खाता येत नाही ते खराब.

वडील गेल्यावर चारेक वर्षांनी आण्णांचा, म्हणजे माझ्या धाकट्या काकांचा, फोन आला. रानाचा खालचा अर्धा भाग साफ करून नाचणी आणि पुढे काजू लावायचा विचार होता. परवानगी वगैरे ते बघणार होते, माझी फक्त सही हवी होती. मी इथे पुण्यात ऑफिसच्या गडबडीत. आण्णा म्हणाले, "एवढं रान वाढतंय म्हंजे जमीन कसदारच असणार की!" मलाही ते पटलं. कुरिअरने कागद आला, मी सही केली, परत पाठवला. पाच मिनिटांचं काम.

पहिल्या वर्षी नाचणी कमरेएवढी आली. आण्णांनी पायलीभर पाठवलीसुद्धा. दुसऱ्या वर्षी गुडघ्याएवढी. चौथ्या वर्षी पेरलेलं बी तरी परत येतंय का, असा प्रश्न. काजूची रोपं काही उन्हाने गेली, काही गव्यांनी तुडवली. आता तिथे तांबडे खडे आणि कुठेकुठे गवत.

आणि या वर्षी मार्चमध्ये परत फोन. उरलेला वरचा भाग. परत सही.

या वेळी मी लगेच हो म्हटलं नाही. माझी भाची कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकते. तिला म्हटलं, मला त्या मातीबद्दल काय ते सांग. ती म्हणाली, "फोनवर कसं सांगू मावशी? खड्डा काढावा लागेल." मग मे महिन्यात आम्ही दोघी गेलो आणि दोन खड्डे काढले. एक रानात, एक तोडलेल्या भागात. चार चार फूट खोल. त्याखालची माती तिने गिरमिटाने काढली.

खड्ड्याची भिंत तासून समोर बसलं की माती वाचता येते, हे मला पन्नाशीत कळलं. रानातल्या खड्ड्यात वर दोन बोटं पालापाचोळा. त्याखाली नऊ इंच काळपट तपकिरी माती, रवाळ, चिवड्यासारखी मोकळी, नि बारीक मुळांचं नुसतं जाळं. त्याखाली एकदम तांबडी लाल चिकणमाती. तिचं ढेकूळ फोडलं की आतून चकचकीत, कुणी बोटाने शाडू फिरवावा तशी. वरची चिकणमाती पाण्याबरोबर झिरपून इथे बसते, त्याचा तो लेप. आणखी खाली हळद, गेरू, चुना एकत्र सांडल्यासारखा कुजलेला खडक आणि जांभ्याचे गोटे. भाची एक रंगांची वही घेऊन होती. तिच्यात मातीचे रंग छोट्या चौकोनांत चिकटवलेले असतात, प्रत्येकाला आकडा. साडीच्या दुकानात मॅचिंग बघावं तशी ती ढेकूळ वहीला लावून बघत होती!

तिने सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. खालचा मूळ दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तोच देशावरची काळी मातीही देतो. पण इथे घाटमाथ्यावर चार महिने पाऊस कोसळतो. तो चुना, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेतो, सिलिकासुद्धा नेतो. मागे उरतं लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंड गंजतं, म्हणून रंग तांबडा. ॲल्युमिनियम फार साठलं की बॉक्साइट, ज्याच्या खाणी आमच्या जिल्ह्यातल्या सड्यांवर निघाल्या. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रजांच्या नोकरीतल्या डॉक्टरने मलबारात अंगडीपुरमला लोक हाच दगड ओला असताना कुदळीने खणून चिरे काढताना पाहिले. वाऱ्यावर ठेवला की तो कडक होतो. 1807 साली छापलेल्या पुस्तकात त्याने त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटेराइट' म्हटलं. आपला जांभाच तो.

"मग एवढं रान कशावर वाढतं?" मी विचारलं.

"त्या नऊ इंचांवर," ती म्हणाली. तांबड्या चिकणमातीच्या हाताला काही टिकत नाही. अन्न धरून ठेवतो तो वरचा कुजलेला पाला, आणि बाकीचं झाडांच्याच अंगात. पान पडतं, कुजतं, मुळं ते पावसाने नेण्याआधी उचलतात. तेच तेच घरात फिरतंय. तोडलं, जाळलं, की राखेने पहिलं वर्ष जोरात जातं. मग पाऊस.

म्हणजे कमरेएवढी नाचणी आम्ही पिकवलीच नव्हती. रानाची शिल्लक खाल्ली होती.

तोडलेल्या भागातल्या खड्ड्यात ते नऊ इंच नव्हते. वर खडे, की लगेच तांबडं. भाचीने दोन्हीकडे एकेक कळशी पाणी ओतलं. रानात ते बघता बघता आत गेलं. इकडे ते तांबडं होऊन उताराने पळालं.

जूनमध्ये प्रयोगशाळेतून कागद आले आणि तिथेच घोटाळा झाला. जगभरच्या माती ज्या अमेरिकन पद्धतीने बारा गटांत वाटतात, तिच्यात आमच्या दोन्ही खड्ड्यांना एकच नाव मिळालं. 'अल्टिसॉल'. आण्णांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "नाव एकच हाय न्हवं? मग बिघडलं काय?"

मला उत्तर देता येईना. रात्री भाचीला विचारलं. ती म्हणाली, हे मुद्दामच तसं आहे. त्या पद्धतीचा पहिला पूर्ण ग्रंथ 1975 चा. करणाऱ्यांना नको होतं की शेतकऱ्याने एकदा नांगर फिरवला की मातीचं नाव बदलावं. म्हणून अशा मातीत चुना-पोटॅशसारखे घटक 35 टक्क्यांच्या खाली आहेत का, हे खूप खोल बघतात, साधारण सहा फुटांपर्यंत. वरचे नऊ इंच गेले तरी नाव तेच राहतं. शेवटी ती म्हणाली, "मावशी, नावावरून माती कशातून घडली ते कळतं. आपण तिचं काय केलं ते कळत नाही."

सातबाऱ्याचंही तसंच की! रान होतं तेव्हा पोटखराबा, आणि आता खरंच खराबा झाला तर लागवडीचं क्षेत्र.

सकाळी आण्णांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळत राहिले. मग स्वतःच म्हणाले, "खालचा झरा मेपर्यंत चालायचा. आता फेब्रुवारीतच बंद." मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "पर नातवाची फी मातीनं भरायची का?"

हा प्रश्न खोटा नाही. मी पुण्यात पगारावर बसून झाडं राखा म्हणणार आणि त्यांनी गव्यांची वाट बघत बसायचं, हे काही बरोबर नाही. पहिल्या सहीत माझाही वाटा होता. म्हणून मी सांगितलं, सही करणार नाही, पण फीचा निम्मा भार माझा. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. गणपतीत गेले तेव्हा नेहमीसारखं जेवायला वाढलं, रानाचा विषय काढला नाही. तोडलेल्या भागात कडेकडेने कारवी परत येतेय, ते मात्र मला नेऊन दाखवलं. नऊ इंच परत यायला किती वर्षं लागतील? भाची म्हणते, आपल्या हयातीत तरी नाही.

असो. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या राहिल्यात. एकच नाव दोन्हींवर लिहायला हात धजत नाही. तुमच्याकडे अशा तांबड्या मातीला काय म्हणतात, ते जरूर सांगा.